दौलतरावांची म्हातारी

साहेबाला ‘अहो’ आणि कुत्र्याला ‘हाड्’ म्हणणारी माणसं सगळीकडं असतात. मीही त्यातलाच. याच्या बरोबर उलटं वागणारं माणूस मला आयुष्यात एकच भेटलं. ती म्हातारी मामलेदाराला ‘अरं’ म्हणायची आणि आपल्या कुत्र्याला ‘आवं’.

युद्धाचे दिवस होते. मी रहिमतपूरचा, नुकताच मास्तर झालेला. कवठे महांकाळच्या बाजूला, जिथं माळ संपता संपत नाही, अशा एका खेड्यातल्या शाळेवर माझी नेमणूक झाली. गावात बिऱ्हाडाला जागा मिळेना. रिकाम्या खोल्या होत्या त्यांत कडबा भरलेला. शेवटी पाटील म्हणाले, “मास्तर, वाईच लांब चालायची तयारी असंल तर दौलतरावांच्या म्हातारीकडं जावा. रानात वस्ती हाय. तिचा पुढचा सोपा मोकळाच असतोय.”

ट्रंक डोक्यावर घेऊन मी निघालो. वाटेत दौलतरावांशी काय बोलायचं याची मनातल्या मनात उजळणी केली. रानातलं घर मिळालं. दारात एक उंच, वाळकी म्हातारी शेंगा निवडत बसली होती. अंगात लुगड्यावर चढवलेला जुना खाकी लष्करी कोट. मी नमस्कार करून विचारलं, “दौलतराव आहेत का घरात?”

“हायती की,” ती म्हणाली आणि मान वळवून घरात बघत हाक दिली, “आवं, तुमाला कोन ईचारतंय बगा!”

आतून एक भलं मोठं तांबूस धनगरी कुत्रं सावकाश बाहेर आलं. त्याचा एक कान फाटलेला होता. माझ्यासमोर येऊन ते उभं राहिलं.

“दौलतराव, ह्यो मास्तर. हितंच ऱ्हायचं म्हनतोय. नीट बगून घेवा.”

दौलतरावांनी मला हुंगून बघितलं आणि परत आत गेले. माझं बिऱ्हाड ठरलं. त्या दिवसापासून ते कुत्रं माझ्यावर कधी भुंकलं नाही.

म्हातारीचं खरं नाव मी तीन वर्षांत ऐकलं नाही. तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच दिवसांत पहिल्या लढाईवर गेला होता आणि परत आला नव्हता; आला तो त्याचा हा कोट तेवढा. मूलबाळ नव्हतं. भावानं तासगावला चल म्हणून पुष्कळदा सांगितलं, पण ती रान सोडून गेली नाही. दोन बैल, थोड्या शेळ्या आणि एकामागून एक सांभाळलेली कुत्री. दौलतराव त्यातले शेवटचे.

एकदा मी धीर करून विचारलं, “आजी, कुत्र्याला आवं-जावं कशासाठी?”

ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, “नवऱ्याला आवं म्हनायला मिळालं ते वाईच. निस्तं तोंडाला आलं आनि गेलं. ऱ्हायल्यालं कुनाला तरी म्हनायला पायजे का नको?”



पहिली भाकरी दौलतरावांची. ती दूध घालून, कुस्करून, त्यांच्या कोळंब्यात, म्हणजे दगडी भांड्यात, घालायची. ते जेवेपर्यंत म्हातारी स्वतः तोंडात घास घालत नसे. रानात जाताना सांगून जायची, “मी वड्याकडच्या पट्टीत हाय बरं का.” दाराजवळच्या पोत्यावर दौलतरावांची बैठक असे. एकदा धान्याच्या लेव्हीसाठी, म्हणजे सरकारी वसुलीसाठी, मामलेदार आले. उन्हानं थकलेले, ते नेमके त्या पोत्यावर टेकायला गेले.

“तितं बसू नगंस रं बाबा,” म्हातारी म्हणाली. “ती दौलतरावांची जागा हाय. ते वरडायचं न्हाईत, पर मनाला लावून घेत्यात. ह्या घोंगड्यावर बस. पानी पी. उनातनं आलायस.”

बरोबरचा शिपाई पांढराफटक पडला. मामलेदार मात्र मुकाट्यानं घोंगड्यावर बसले आणि दोन तांबे पाणी प्यायले.

तिचा औताचा किस्सा तर सगळ्या भागात माहीत होता. बाईनं नांगर धरायचा नाही, हा तिकडचा रिवाज. सालगडी सैन्यात भरती झाला, दुसरा मिळेना, तेव्हा हिनं कोट चढवला, कोटाच्या बाह्या सारल्या आणि बैल जुंपले. गावातली चार वडीलधारी माणसं बांधावर आली. मी शाळेला निघालो होतो, तो तिथंच थबकलो.

“बाईनं औत धरलं तर पाऊस पडत न्हाई,” एक जण म्हणाला.

म्हातारीनं बैल थांबवले. “गेल्या साली औत कुनी धरलं व्हतं?”

“आमीच की.”

“मग पडला का पाऊस?”

म्हातारीनं बैलांना टिचकारलं आणि नांगराचा तास पुढं नेला. दौलतराव तिच्या मागून त्याच तासातून चालले होते, घरमालकानं शेत बघत फिरावं तसे. त्या साली पाऊस चांगला झाला. त्याबद्दल ती कधी कुणाला एक शब्द बोलली नाही. हे मला औत धरण्यापेक्षाही अवघड वाटतं.

अशी ती होती. विक्षिप्त म्हणा, तऱ्हेवाईक म्हणा. मीही काही दिवस तसंच म्हणत होतो, आणि सुट्टीत घरी गेलो की तिच्या नकला करून सगळ्यांना हसवत होतो. पुढं जे झालं त्यानंतर मात्र मला तिची नक्कल कधी करता आली नाही.

श्रावणात एका सकाळी शेळ्यांवर कोल्हं आलं. कोल्ह्याची रीत म्हणजे माणूस दिसलं की पळायचं. हे पळेना. तोंडातून लाळ गळत होती आणि ते सरळ चालून येत होतं. दौलतराव मधे पडले. त्यांनी कोल्हं मारलं, पण त्यांच्या पुढच्या पायाला चावा बसला. म्हातारीनं जखम धुतली, सांडशी तापवून डाग दिला. दौलतरावांनी तोंडातून आवाज काढला नाही. डाग देताना ती त्यांच्या कानात काहीतरी बोलत होती. मला ते ऐकू आलं नाही.

गावाला कळायला वेळ लागला नाही. पाटील स्वतः आले. “म्हातारे, कोल्हं पिसाळल्यालं व्हतं. कुत्रं मारून टाक. तुला जमत न्हाई तर मानूस देतो.”

“पिसाळल्यावर बघू,” ती म्हणाली. “आज त्यांनी काय केलंय? माज्या शेळ्या राखल्या. त्यापायी मारू व्हय?”

पण तिनं बैलाची साखळी आणली आणि लिंबाखाली दौलतरावांना बांधलं. जन्मात कधी बांधून न घेतलेलं कुत्रं. साखळी अडकवताना ती म्हणाली, “तुमच्यावर इस्वास न्हाई म्हनून न्हाई. तुमच्या रगतात काय गेलंय ते मला ठावं न्हाई, म्हनून.” दौलतराव बसून राहिले. ओढ काढली नाही.

श्रावण गेला, भादवा गेला. कुत्रं चांगलं जेवत होतं, शेपूट हलवत होतं. कवठ्याच्या बाजारात बसणाऱ्या वैदूनं येऊन बघितलं आणि धोका टळला म्हणून सांगितलं. पाटीलही म्हणाले, आता काय होत नाही. तेव्हा म्हातारीनं साखळी सोडली. दौलतरावांनी उठून अंग झाडलं, सगळ्या बांधांवरून एक फेरी मारली आणि आपल्या पोत्यावर येऊन बसले. म्हातारीनं त्या दिवशी पुरण घातलं. मी तिला हसताना तेवढं एकदाच पाहिलं.

आठवडाभरानं एका सकाळी दौलतरावांनी भाकरीला तोंड लावलं नाही. पाण्याचं भांडं पुढं केलं तर मागं सरले. डोळे लाल झाले होते आणि ते आमच्याकडं बघत असूनही आमच्याकडं बघत नव्हते. म्हातारी साखळी आणायला गोठ्यात गेली, तेवढ्यात ते निघून गेले. पळाले नाहीत, मान खाली घालून, माळाच्या दिशेनं, सरळ चालत गेले. तिनं हाक मारली तरी मान वळवली नाही.

तिनं शेळ्या कोंडल्या, कोट घातला आणि काठी घेतली.

मी म्हणालो, “आजी, जाऊ नका. आता ते तुम्हाला ओळखणार नाहीत.”

“त्यांनी वळखू दे, न्हाईतर न वळखू दे. मी वळखते न्हवं?” ती म्हणाली. मग काठी टेकत, “एक जन लढाईवर गेला. त्याच्या मागं जाता आलं न्हाई मला. समींदरापल्याड कुटं हुडकायचं? हे तर हितंच हायती, माळावर.”

तो दिवस तिनं एकटीनं हुडकण्यात घातला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मीही बरोबर निघालो. गवत कमरेएवढं वाढून पिवळं पडलं होतं. दुपारच्या सुमाराला लांबून माणसांचा गलका ऐकू आला. पलीकडच्या एका वस्तीजवळ खोल ओघळ होती. तिच्या काठावर दहा-पंधरा गडी काठ्या आणि धोंडे घेऊन उभे होते. खाली ओघळीच्या तळाला दौलतराव होते. मागचे पाय लुळे पडलेले, जबडा लोंबत होता, तोंडाला फेस. पुढच्या पायांवर उठायचा यत्न करत आणि परत कोसळत. एक दगड त्यांच्या पाठीत बसलेला असावा. तिथं रक्त दिसत होतं.

मी काठावर थबकलो. म्हातारी मात्र थांबली नाही. काठी टेकत, घसरत, ती ओघळीत उतरली. वरून सगळे ओरडले. ती चालत कुत्र्यापाशी गेली, पाच-सहा हातांवर थांबली आणि वळली. कुत्र्याकडं पाठ, माणसांकडं तोंड. मग कोटाची बटणं लावून उभी राहिली.

ते दृश्य आज इतक्या वर्षांनीही मला पुसता आलेलं नाही. पिसाळलेलं कुत्रं मागं आणि दगड घेतलेली माणसं पुढं, आणि त्या दोन्हींमधे ती बाई. ती ज्याच्याकडं पाठ करून उभी होती, त्याला सगळे भीत होते.

वस्तीवरला एक थोराड गडी ओरडला, “म्हातारे, बाजूला हो! पिसाळलंय ते!”

“ठावं हाय मला.”

“चावंल तुला!”

“चावलं तर मला चावत्याली. तुजं काय जातंय? पाय गेल्यात त्यांचं. ते आता कुनाच्या अंगावर येत न्हाईत. मरायला लागल्यात. त्यास्नी त्यांच्या मरनानं मरू द्या. दगडानं मारू देनार न्हाई.”

“आनि ह्याला चावलंय त्याचं काय?” त्या गड्यानं बोट दाखवलं.

काठावर एका खडकावर एक तरणा पिंजारी बसला होता. दिवाळी जवळ आली की हे लोक गाद्यांचा कापूस पिंजत गावोगाव फिरतात. कापूस पिंजायची त्याची मोठी कमान शेजारी पडली होती. पोटरीला चिंधी बांधलेली, चिंधीवर वाळलेलं रक्त. आदल्या दिवशी संध्याकाळी वाटेनं येताना दौलतरावांनी त्याला धरलं होतं. त्याच्याही हातात दगड होता.

म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं. तिचा चेहरा तेवढा एकदाच हलला.

“कुनाचा रं तू?”

“तासगावकडचा हाय, मावशी.”

“लय लागलंय?”

त्यानं चिंधी घट्ट आवळली.

“साखळी मी सोडली,” ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “पाटलानं न्हाई, वैदूनं न्हाई. मी. तवा तुला चावलं ते माज्या घरचं चावलं. मिरजंला मी नेते तुला. सुया देत्यात तितं. तुजं बरं हुस्तवर तितनं हालनार न्हाई. पर हे जाईस्तवर मला हितं थांबायचं हाय. आता दगूड मारायचा हक तुजा एकल्याचा हाय. ह्या बाकीच्यांचा न्हाई. तुला मारायचा असंल तर मार. मी बाजूला हुते.”

पिंजारी उठला. त्यानं खाली दौलतरावांकडं बघितलं, म्हातारीकडं बघितलं, आणि दगड टाकून दिला.

“मावशी,” तो रडत म्हणाला, “मला दगूड नगो. मला जगायचं हाय.”

“जगशील,” ती म्हणाली.

मग एकेकाच्या हातातले धोंडे खाली आले. कुणी गेलं नाही. सगळे काठावर बसून राहिले. म्हातारी ओघळीत उभी होती. मागून घरघर ऐकू यायची, मधूनच पायांची खरडखरड. तिनं एकदाही वळून बघितलं नाही. ऊन कलंडलं तसा तो आवाज विरळ होत गेला आणि थांबला. त्यानंतरही बराच वेळ ती तशीच उभी होती. मग वळली, वाकून बघितलं आणि म्हणाली, “गेले.”

कुणालाही हात लावू दिला नाही. खड्डा वस्तीवरल्या गड्यांनी खणला. मघाशी ओरडत होता तोच थोराड गडी सगळ्यात पुढं होता. तिनं काठीनं आणि फांद्यांनी दौलतरावांना खड्ड्यात सारलं, वर माती, मातीवर काट्या, काट्यांवर तेच धोंडे. रडली नाही. वर आल्यावर पिंजाऱ्याची पोटरी विहिरीच्या पाण्यानं आणि साबणानं कितीतरी वेळ धूत बसली.

घरी परतताना मी विचारलं, “आजी, तुम्ही त्यांच्याकडं पाठ का केली?”

“त्यांच्याकडं तोंड केलं असतं तर तुमी मानसांनी मागनं दगूड मारला असता,” ती म्हणाली. थोडं चालल्यावर पुढचं बोलली. “आनि त्यांचं लय हाल व्हत व्हतं. तसल्या वक्ताला मी बघितल्यालं त्यास्नी आवडलं नसतं. लय आब राखून ऱ्हायल्यालं हायती ते.”

दुसऱ्या दिवशी शेळ्या आणि बैल माझ्या हवाली करून ती पिंजाऱ्याला घेऊन छोट्या रुळांच्या गाडीनं मिरजेला गेली. जन्मात ती आगगाडीत कधी बसली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीला घरी जाताना मी मिरजेला उतरलो. शेळ्या-बैलांकडं बघायला पाटलांनी माणूस दिला होता. दवाखान्याच्या ओवरीत दोघंही भेटली. त्या दिवशी शेवटची सुई होती. डॉक्टर सांगत होते, पिंजारी पहिल्या दिवशी पळूनच निघाला होता. पोटात सुई टोचणार म्हणताच हातपाय गाळून बसला. तेव्हा म्हातारी पुढं झाली. शेवटच्या सकाळी भाकरी-पाणी पुढं करताना कुत्र्याची लाळ तिच्याही हाताला लागलेली. तिलाही सुया घ्यायलाच हव्या होत्या. ती डॉक्टरांना म्हणाली, “अरं, आदी मला टोच. ह्याला बघू दे. मग ह्याला.” रोज तसंच चाललं होतं. ती आधी घ्यायची, तोंड वाकडं न करता, आणि मग त्याचा हात धरून बसायची. रात्री ओवरीत झोपायची. तो नमाज पढायला बसला की त्याच्या कमानीवर लक्ष ठेवायची.

माझ्यादेखत दोघांनाही शेवटची सुई दिली. डॉक्टर म्हणाले, “झालं. आता घरी जा. घाबरायचं कारण नाही.”

पिंजाऱ्यानं तिच्या पायाला हात लावला. ती मात्र उठली नाही.

“डाक्तर, एक ईचारू का तुला?”

“विचारा आजी.”

“मी वघळीत उतरले तवा जवळ गेले व्हते. पाच-सा हातांवर. त्यास्नी कळलं आसंल का, मी आल्ये म्हनून?”

डॉक्टरांना तिची समजूत घालता आली असती. पण त्या म्हातारीशी खोटं बोलणं कुणालाच सोपं जात नसे. ते म्हणाले, “नाही आजी. त्या आजारात जनावराचा मेंदूच जातो. ते मालकाला ओळखत नाही. त्याला समोर कुणीतरी उभं आहे एवढंच दिसलं असेल.”

ती ऐकून घेऊन बसली. जमिनीकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ही रडेल, आणि रडली तर बरंच होईल. पिंजाऱ्यालाही तसंच वाटलं असावं. तो तिच्या शेजारी जाऊन बसला.

मग तिनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. काहीतरी फार मोठं ऐकल्यावर माणूस जसा बघतो, तशी ती आम्हां तिघांकडं बघत होती.

“म्हंजे, मला वळखलं न्हाई,” ती हळू म्हणाली, “तरीबी चावलं न्हाईत.”